सोऱ्या एक, चकत्या दोन

आमच्या भागात कुणी 'बोअर' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाणी किती फुटांवर लागलं? धाराशिव जिल्ह्यातला परंडा तालुका आणि त्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. इथल्या माळावर साडेसहा इंची बोअर शेकडो फूट खाली जाते आणि पुष्कळदा नुसता फुफाटा वर घेऊन येते. चैत्रातल्या यात्रेत मात्र वेगळ्याच बोअरवर वाद रंगतो. फुगे फोडायच्या स्टॉलवर पोरं छऱ्याची बंदूक खांद्याला लावून एक डोळा मिटतात, आणि मागे उभा असलेला एखादा जाणता त्यांना सांगतो, "ही कसली बंदूक? खरी म्हणजे बारा बोअर. आन् तिच्यापरीस भारी बत्तीस बोअर!"

पोरांना ते पटतं. बत्तीस बारापेक्षा मोठे हे पाढ्यांतच पाठ झालेलं असतं.

प्रत्यक्षात बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंद असते आणि बत्तीसची जेमतेम आठ. म्हणजे बाराच्या नळीत बत्तीसची गोळी सुपात हरभरा घोळावा तशी खडखडेल.

आकड्यांचा घोळ

घोळ असा की हे दोन आकडे दोन वेगळ्या मापांतले आहेत. बाराचं माप जुनं आहे, वजनावरचं. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याचे सारखे बारा गोळे करायचे, आणि त्यातला एक गोळा ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर. किलोला बारा आंबे बसले तर आंबा मोठा आणि बत्तीस बसले तर बारका, हे मंडईत कुणाला सांगावं लागत नाही. तारेच्या गेजचंही तसंच: बारा गेजची तार वीस गेजपेक्षा जाड.

बत्तीस आणि बावीस हे इंचाचे शतांश. बत्तीस म्हणजे ०.३२ इंच, बावीस म्हणजे ०.२२ इंच, अर्थात सुमारे ५.६ मिलिमीटर. इथे आकडा वाढला की नळी खरोखरच रुंद होते. यात्रेतल्या छऱ्याच्या बंदुकीचं माप बहुधा ४.५ मिलिमीटर असतं, आणि गंमत अशी की ऑलिम्पिकमधल्या १० मीटर एअर पिस्तुलाचंही माप नेमकं तेच आहे. नळीच्या या आतल्या रुंदीला कॅलिबर म्हणतात.

आमच्या परंड्याला कॅलिबर नवं नाही. विजापूरच्या बुरुजावरची 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, काही काळ परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ साली विजापूरला नेली गेली. तिचं तोंड आतून जवळपास ७० सेंटिमीटर, बावीसच्या नळीच्या सव्वाशेपट. त्या काळी तोफ बदलली की गोळाही बदलायचा. एकाच तोफेतून आज लहान आणि उद्या मोठा गोळा उडवायची सोय कुणालाच नव्हती.

आजच्या नेमबाजाकडे ती आहे. सकाळी बावीसने एक स्पर्धा खेळलेला नेमबाज दुसऱ्या दिवशी बत्तीसच्या स्पर्धेला उभा राहतो, आणि त्याच्या हातातली मूठ कालचीच असते. पिस्तूल तेच, नळी वेगळी. हे जमतं कसं?

एका खेळात दोन काडतुसं कशाला?

आधी खेळ समजून घेऊ. २५ मीटरवर पिस्तुलाच्या अनेक स्पर्धा होतात. पुरुषांच्या स्टँडर्ड पिस्तूलमध्ये बावीसचं काडतूस लागतं. सेंटर फायर पिस्तूल नावाच्या स्पर्धेत मात्र नियमाने ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरमधलं कॅलिबर हवं. आपल्याकडे त्यासाठी सर्रास बत्तीस वापरतात. .३८ आणि ९ मिलिमीटर आपल्या कायद्यात सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, उलट बत्तीस हा कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या रिव्हॉल्व्हरमुळे देशभर ओळखीचा आकडा आहे.

सेंटर फायर ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे वर्तमानपत्रांत तिला फारशी जागा मिळत नाही. मला हा अन्यायच वाटतो, कारण भारताची पिस्तुलातली पहिली मोठी नावं याच स्पर्धेतून झाली. १९९०च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी सेंटर फायरचं सुवर्ण जिंकलं. १९९४ला व्हिक्टोरियात त्यांनी आणि जसपाल राणा यांनी मिळून याच प्रकारातलं जोडीचं सुवर्ण आणलं. त्याच वर्षी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत राणांनी एकट्याने सेंटर फायरचं सुवर्ण घेतलं, आणि २००६ला दोह्यात ६००पैकी ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

सेंटर फायरमध्ये ६० गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश: पाच मिनिटांत पाच, अशा सहा फेऱ्या. पुढच्या तीस गोळ्यांचा खेळ वेगळा. हात ४५ अंश खाली ठेवायचा, लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची. मग सात सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच. महिलांच्या २५ मीटर पिस्तूलची पात्रता फेरीही नेमकी अशीच असते, फक्त काडतूस बावीसचं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला ज्या प्रकारात सुवर्ण जिंकलं तो हाच. अंतिम फेरीत बरोबरी झाली होती, आणि दोनदा शूट-ऑफ झाल्यावर निकाल लागला.

भारतातले बरेच पुरुष नेमबाज स्टँडर्ड आणि सेंटर फायर दोन्ही खेळतात. दोन पिस्तुलं घेतली तर दोन मुठी आणि दोन ट्रिगर आले, म्हणजे हातालाही दोनदा शिकवणं आलं. म्हणून पिस्तूल एकच ठेवून त्याचा वरचा भाग बदलायची पद्धत रुळली. त्या जादा भागांच्या संचाला नेमबाज 'कन्व्हर्जन किट' म्हणतात.

दिवाळीचा सोऱ्या

घरातला सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. भांडं तेच, दाबायचा दांडा तोच. शेव करायची तर बारीक भोकांची चकती, चकली करायची तर चांदणीची. पिस्तुलाच्या कन्व्हर्जनचं मर्म एवढंच आहे: हाताकडचा भाग तसाच ठेवायचा आणि तोंडाकडचा बदलायचा.

उपमा मात्र इथेच थांबते. सोऱ्याची चकती बदलली की काम झालं; पिस्तुलाची नुसती नळी बदलून काहीच होत नाही. शेवेचं पीठ आणि चकलीची भाजणी यांत जेवढा फरक असतो, त्याहून मोठा फरक बावीसच्या आणि बत्तीसच्या काडतुसात आहे.

करंजीची कड, कपाळाची टिकली

काडतूस म्हणजे पितळेची टोपी, तिच्यात दारू, तोंडाला शिशाची गोळी आणि बुडाशी ठिणगी देणारा मसाला. हा मसाला दिवाळीच्या टिकल्यांच्या जातीचा. ठोका बसला की पेटतो. तो कुठे भरलेला आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

बावीसमध्ये तो बुडाच्या दुमडलेल्या कडेत असतो. करंजीला मुरड घालताना सारण कडेत शिरलं तर जसं राहील, तसा. म्हणून पिस्तुलातल्या टाचणीला, म्हणजे फायरिंग पिनला, कडेवर ठोका द्यावा लागतो. अशा काडतुसाला रिमफायर म्हणतात. स्पर्धेतलं बावीसचं काडतूस १८८७पासून वापरात आहे, आणि त्याची साधी रचना हेच त्याच्या स्वस्ताईचं कारण आहे.

बत्तीसमध्ये मसाल्याची वेगळी छोटी वाटी बुडाच्या मधोमध बसवलेली असते, कपाळावरच्या टिकलीसारखी. इथे ठोका मध्यावर बसायला हवा. सेंटर फायर हे नाव त्यावरूनच आलं.

आता समजा, बावीसच्या पिस्तुलाला नुसती बत्तीसची नळी बसवली. पिन कडेवर आपटेल, मधली टिकली शांत राहील आणि काहीच घडणार नाही. शिवाय बावीसच्या बुडाची कड सात मिलिमीटर रुंद, बत्तीसची साडेनऊ. रिकामी टोपी बाहेर ओढणारी नखी एकीला पकडेल आणि दुसरीवरून घसरेल. म्हणून नळीबरोबर बोल्टही बदलावा लागतो. बोल्ट म्हणजे पिन आणि नखी पोटात घेऊन मागेपुढे सरकणारा पोलादी ठोकळा.

स्प्रिंगचं दार

बोल्टचं खरं काम याहून अवघड आहे, आणि या लेखातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

जुन्या काळच्या बँकेत किंवा दवाखान्यात आपोआप मिटणारं स्प्रिंगचं दार आठवा. लहान मुलाने ढकललं की किलकिलं होऊन परत येतं, आणि मोठ्याने ढकललं की भिंतीवर आपटतं. या पिस्तुलांतला बोल्ट असंच एक दार आहे. त्याला कडी नसते. तो मिटलेला राहतो तो स्वतःच्या वजनामुळे आणि मागच्या स्प्रिंगच्या जोरावर. दारू पेटली की वायू गोळीला पुढे रेटतो, तेवढ्याच रेट्याने टोपीलाही मागे रेटतो, आणि टोपी बोल्टला ढकलते. बोल्ट जड असल्याने जरा उशिरा हलतो. तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते आणि आतला दाब ओसरलेला असतो. मग बोल्ट मागे जातो, रिकामी टोपी फेकतो आणि परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारतो.

हा सगळा खेळ वेळेचा आहे. दार लवकर उघडलं तर दाब असताना टोपी बाहेर येईल, आणि उघडलंच नाही तर पुढची गोळी भरली जाणार नाही.

दोन्ही काडतुसांचा रेटा मोजून पाहू. बावीसची गोळी सुमारे २.६ ग्रॅम, आणि पिस्तुलातून तिचा वेग सेकंदाला साधारण २८० मीटर. बत्तीसची गोळी जवळपास ६.४ ग्रॅम, वेग २३०च्या आसपास. वजनाला वेगाने गुणा: पहिलीचे ७२८, दुसरीचे १४७२. बत्तीस हळू जाते, पण तिचा धक्का दुप्पट असतो. आणखी एक गोष्ट, जी अनेकांना उलटी वाटते: नळीतला कमाल दाब बावीसचाच जास्त धरलेला आहे. पण बत्तीसच्या गोळीचं बूड क्षेत्रफळाने दुप्पट, त्यामुळे कमी दाबसुद्धा मोठ्या तळव्याने ढकलतो.

दुप्पट धक्का म्हणजे दार जड हवं आणि स्प्रिंग कडक. म्हणून बत्तीसच्या संचात बोल्ट आणि स्प्रिंग वेगळेच येतात. बावीसच्या हलक्या बोल्टवर बत्तीसचं काडतूस उडवणं म्हणजे दवाखान्याच्या दारावर बैल सोडणं.

| चौकट: काय बदलतं, काय राहतं |
|---|
| बदलतं: नळी आणि तिला धरणारा वरचा सांगाडा, पिन व नखीसह बोल्ट, स्प्रिंग, मॅगझिन, साइटची मांडणी |
| राहतं: खालचा सांगाडा, लाकडी मूठ, ट्रिगर |
| नियमाची चौकट दोन्हींना सारखी: पिस्तूल कमाल १४०० ग्रॅम, ट्रिगरची ओढ किमान १००० ग्रॅम, नळी कमाल १५३ मिलिमीटर |

बोथट गोळीची खोड

स्पर्धेतली बत्तीसची गोळी पाहिली की पहिल्यांदा वाटतं, हिचं टोक मोडलंय. ती पुढून सपाट असते आणि पितळी टोपीच्या काठापर्यंत आत बसवलेली असते, त्यामुळे काडतूस कापलेल्या खडूसारखं दिसतं. हे मुद्दाम केलेलं असतं. टोकदार गोळी कागद फाडत जाते, आणि फाटक्या कडेवरून दहा की नऊ याचा वाद होतो. सपाट गोळी ऑफिसातल्या पंचिंग मशिनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडते. इंग्रजीतलं तिचं नाव वॉडकटर.

पण त्यामुळे तिला नळीत शिरायची वाट सापडत नाही. सुई ओवताना दोऱ्याला टोक करतो. इथे टोकच नाही. त्यात दोन्ही काडतुसांना बुडाशी कड असल्याने मॅगझिनमध्ये एकाची कड दुसऱ्याच्या मागे अडकू शकते. एकात एक चिकटलेले काठाचे पेले सोडवताना जी कटकट होते, तीच. मॅगझिनचा उतार, तोंडाच्या पाकळ्यांचा वाक, नळीच्या तोंडाची धार हे सारं त्या एका काडतुसासाठी घासूनपुसून ठरवलेलं असतं. म्हणून मॅगझिनही अदलाबदलीचं नसतं. स्पर्धेत पिस्तूल अडलं की दहातल्या आठ वेळा लोक मॅगझिनलाच शिव्या घालतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

मॅगझिन मुठीत का नाही?

पोलिसांच्या पिस्तुलात मॅगझिन मुठीतून आत जातं. म्हणजे काडतूस लांब झालं की मूठही जाड होणार. वाल्थर जीएसपी किंवा पार्डिनीसारख्या स्पर्धेच्या पिस्तुलांत ते ट्रिगरच्या पुढे असतं. दिसायला बेढब, पण त्याने मूठ मोकळी होते. काडतूस बावीसचं असो की बत्तीसचं, मुठीला पत्ता लागत नाही.

आणि मूठ हीच या खेळातली खरी मालमत्ता आहे. ती अक्रोडासारख्या लाकडाची, तळहाताला कवेत घेणारी असते. विकत घेतलेली मूठ कुणालाच जशीच्या तशी बसत नाही. नेमबाज कानशीने आणि पॉलिश पेपरने ती घासतो, कुठे लांबी भरून फुगवटा आणतो, आठवडेच्या आठवडे. कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग पायाची होते, तशी ही मूठ हळूहळू हाताची होते. अंगठ्याखालची एक खोबण अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर मनगट कळत नकळत वळतं, आणि २५ मीटरवर ते दहाच्या वर्तुळाबाहेर दिसतं. सावकाश फेरीत हे वर्तुळ ५० मिलिमीटरचं, चहाच्या छोट्या कपाच्या तोंडाएवढं असतं.

ट्रिगरचंही तसंच. हजार ग्रॅमची ओढ नेमकी कुठे सुटते हे बोटाला हजारो गोळ्यांनंतर कळतं. ते एकदा शिकलेलं बोट पुन्हा दुसऱ्या ट्रिगरवर शिकवायला कुणाकडे वेळ आहे? शिवाय बत्तीसचं काडतूस महाग. सराव बावीसवर करायचा आणि स्पर्धेच्या तोंडावर वरचा भाग बदलायचा, यात खिशाचंही गणित बसतं.

दुप्पट धक्का मग हाताला अडत नाही का? सेंटर फायरच्या वेगवान फेरीत प्रत्येक गोळीनंतर हात खाली घ्यायचाच असतो, त्यामुळे उसळलेली नळी सावरायला सात सेकंद मिळतात. स्टँडर्ड पिस्तूलमध्ये दहा सेकंदांत पाच गोळ्या सलग मारायच्या असतात. तिथे बत्तीसने दमछाक झाली असती. तिथे बावीस ठेवलंय ते योग्यच आहे.

दोन सेंटिमीटरचा हिशोब

नळीच्या आत स्क्रूसारखे पिळदार आटे कोरलेले असतात. त्यांत गोळी रुतते आणि गिरकी घेते, म्हणून ती भोवऱ्यासारखी स्थिर जाते. एवढ्याशा नळीत तिचा एक फेराही पुरा होत नाही, तरी बाहेर पडताना बावीसची गोळी सेकंदाला सहाशेच्या वर गिरक्या घेत असते.

तरीही पृथ्वी तिला खाली ओढतेच. २५ मीटरसाठी बावीसला लागतो सेकंदाचा अकरावा भाग. तेवढ्यात ती साधारण चार सेंटिमीटर खाली येते. बत्तीसला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून ती सहाच्या जवळ. फरक दोन सेंटिमीटरचा. त्यात भर म्हणजे हळू गोळी नळीत जास्त वेळ असते, आणि धक्क्याने नळी वर उचलली जाऊ लागते तेव्हा अजून आतच असते. हा दुसरा परिणाम गोळीला वर नेतो. दोन्हींची वजाबाकी कागदावर करता येत नाही, ती मैदानावरच कळते.

म्हणून नेमबाजाकडे एक वही असते. नेम धरायच्या साइटची मागची खाच बावीससाठी कुठे, बत्तीससाठी किती क्लिक वर किंवा खाली, कुठल्या कंपनीच्या काडतुसाला किती, सगळं लिहिलेलं. वही घरी विसरलेल्या माणसाचा चेहरा रेंजवर लांबूनही ओळखता येतो.

परवान्यावरची नळी

सोऱ्याची चकती भांड्यांच्या दुकानात मिळते, ही नळी मिळत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दात त्याचे सुटे भागही मोडतात. बत्तीसची नळी आणायची तर परवाना आणि त्यावर तशी नोंद हवी. घरी किंवा लेथवर कॅलिबर बदलणं हा सरळ गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली, खेळाडूंना मात्र वेगळी सवलत आहे. ती मिळवायची तर स्पर्धांचे गुण दाखवावे लागतात. त्या शिडीची एक ओळखीची पायरी म्हणजे मावळंकर स्पर्धा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली, त्यांच्याच नावाची ही स्पर्धा. पुण्याच्या बालेवाडीत किंवा मुंबईच्या वरळी रेंजवर सराव करणाऱ्या पोरांच्या तोंडी 'मावळंकर झाली का?' हा प्रश्न दहावीच्या निकालासारखा असतो.

एवढं सगळं करून बत्तीसचा वरचा भाग बसवला, स्प्रिंग ताणून पाहिली, वहीतले क्लिक दिले, तरी स्पर्धेत पहिल्या पाच गोळ्या मोजल्या जात नाहीत. त्यांना सायटर म्हणतात. पाच मिनिटांत पाच, फक्त आज नळी कुठे बोलतेय ते ऐकायला.

सोनारीच्या यात्रेत मुरलेला माणूस हेच करतो. फुगेवाल्याच्या बंदुकीची पुढची माशी वाकडी असते, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो पहिला छर्रा फुग्यावर मारतच नाही. फळीवरच्या एखाद्या डागावर मारतो, छर्रा किती डावीकडे गेला ते बघतो, आणि मग लाल फुग्याच्या तेवढंच उजवीकडे धरून पैसे वसूल करायला लागतो.